बाबांच्या कॅसेटींवर नाव नाही, नुसती खूण आहे. हे सिनेमे ओळखून द्या

वैदेही, खामला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

माझ्या बाबांची १९८६ ते १९९३ नागपुरात महाल भागात व्हिडीओ लायब्ररी होती. दहा बाय बाराची खोली, तीन भिंतींना फळ्या, दारात टेबल आणि टेबलावर रजिस्टर. कॅसेट दिवसाला दहा रुपये. लग्नसराईत व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही रात्रभर भाड्यानं जायचा, तेव्हा तो हातगाडीवर गादी टाकून, वरून सतरंजी गुंडाळून न्यायचे. केबल आली आणि दीड-दोन वर्षांत दुकान बसलं. कॅसेटी विकल्या, फळ्या विकल्या. एक पत्र्याची पेटी तेवढी बाबांनी कुणाला हात लावू दिली नाही. यंदा मे महिन्यात कूलरच्या ताट्या काढायला माळ्यावर चढले तेव्हा ती पेटी खाली आणली. आत एकतीस कॅसेटी आणि ते रजिस्टर.

या कॅसेटी दुकानाच्या नाहीत. बाबांनी दूरदर्शनवरून स्वतःसाठी भरलेल्या आहेत. दुकान बंद करून घरी यायला रात्रीचे अकरा वाजायचे. तोवर टीव्हीवरचा उशिराचा सिनेमा सुरू झालेला असायचा. आले की चपला काढायच्या आधी कॅसेट टाकून लाल कळ दाबायचे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी सुरुवातीची नावं गेलेली आहेत. बाबांनी मग पेन्सिलीनं खूण लिहून ठेवली. जशीच्या तशी उतरवते:

"पचमढी. टोपीवाला. रस्ता." "कोंबड्यावाला पोरगा, इंग्रजी, फार रात्री." "बर्फाचा सुरा. कोणी बोलत नाही." "बारा जण, एक खोली." "म्हातारा-म्हातारी, चाळ, कोर्ट." "रविवार दुपार. ओडिया. भरलं घर रिकामं होते." एकीवर फक्त "एलकुंचवार" लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. आणि एक अशी: "ती पायरीवर बसते. पुन्हा पाहणे."

आता रजिस्टरबद्दल, कारण ते वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही. 'पुराना मंदिर' या भुताच्या सिनेमाची पानंच्या पानं आहेत. दर शनिवारी ती कॅसेट बाहेर, सोमवारी परत, पुन्हा बाहेर. शेवटी बाबांनी शेरा मारला आहे, "घासली. दुसरी आणणे." 'जाने भी दो यारो' मात्र चार वर्षांत मोजून सात वेळा गेली, त्यातल्या पाच वेळा एकाच गिऱ्हाइकाकडे. आणि 'एक होता विदूषक'. लक्ष्मीकांत बेर्डेचं नाव वाचून लोक नेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आणत. रकान्यात बाबांचं अक्षर आहे, "हसू आलं नाही म्हणे. पैसे परत दिले." तीन गिऱ्हाइकांना त्यांनी पैसे परत दिले आहेत. दहा-दहा रुपये, पण दुकान तेव्हा रडतखडत चाललं होतं. तो सिनेमा १९९२ चा, जब्बार पटेलांचा, लिहिलेला पु. लं.नी, गाणी महानोरांची. मी तो गेल्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिला. आबुराव झालेला बेर्डे बघताना मला सारखी ती तीन गिऱ्हाइकं आठवत होती. त्यांनी अर्ध्या तासानंतर थोडा धीर धरला असता तर!

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. काचबिंदूनं उजवा डोळा पूर्ण गेला, डाव्यानं समोरचं तेवढं, तेही धूसर दिसतं. स्वतःचं अक्षर त्यांना वाचता येत नाही. मी खूण वाचून दाखवली की ते अख्खा प्रसंग सांगतात, फक्त नाव आठवत नाही. "अगं, तो नाही का..." म्हणतात आणि थांबतात.

तर विचारायचं ते असं. एक, हे सिनेमे कोणते? दोन, कॅसेटी चालवायच्या कशा? निम्म्यांवर खिडकीतून पांढरी भुकटी दिसते. दोन कॅसेटी मी एका दुकानात दिल्या होत्या. एकीची फीत चुरगळून परत आली, दुसरी "ब्लँक आहे" म्हणून सांगितलं. ती ब्लँक नव्हती, घरी मी स्वतः पाहिली होती. तेव्हापासून पेटी कुणाच्या हातात द्यायची हिंमत होत नाही. आणि तीन, बाबांसोबत सगळ्यांत आधी कोणता लावू?

अजनीचा रात्रपाळीवाला

ताई, पचमढीवाला म्हणजे 'मॅसी साहब'. मले एका सेकंदात समजलं. रघुबीर यादव. टीव्हीवरचा मुंगेरीलाल नंतरचा, हा त्याच्या आधीचा. इंग्रजाच्या कचेरीतला कारकून, अंगात कोट, डोक्यावर साहेबाची टोपी, आपणच अर्धे साहेब आहो असं समजून चालते. डेप्युटी कमिशनरले जंगलातून रस्ता काढाचा असते, पैसे संपते, अन् हा मॅसी काहीच्या काही खटपटी करून तो रस्ता पुरा करून देते. पुढचं सांगत नाही, तुमचे बाबा सांगतीन.

तुमच्या बाबांनी नाव नाही पण गाव लिहून ठेवलं, याचं मले बिलकुल आश्चर्य नाही वाटलं. आपल्याकडचा कोणता माणूस पचमढी ओळखणार नाही? नागपंचमीले नागद्वार, शिवरात्रीले चौरागडचा महादेव. मी अठरा वर्षं नागद्वार केलं. गणेशपेठेतून रात्रीची बस, छिंदवाडा, मंग तामियाचा घाट, झुंजूमुंजू झालं की सालाचे उंच झाडं दिसाले लागते. हा सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा आमच्या क्वार्टरमधी दहा-बारा जण बसले होते. पयले पाच मिनिटं कोणाचं लक्ष नव्हतं. मंग ते डोंगर दिसले, अन् आमचे वडील उठून उभे झाले. "अबे हे तं महादेवाचं जंगल होय!" बस, मंग शेवटपर्यंत कोणी हाललं नाही.

माझं ऐकान तं पयले हाच लावा. बाबा यात्रेले जात होते का? जात असतीन तं डोळ्याची गरजच नाही पडणार.

रंगायन_धरमपेठ

वैदेहीताई, खुणा इतक्या नेमक्या आहेत की तुमच्या वडिलांना साष्टांग नमस्कार.

"कोंबड्यावाला पोरगा" हा 'इन विच अॅनी गिव्ज इट दोज वन्स', १९८९. दिल्लीच्या आर्किटेक्चर कॉलेजातली शेवटच्या वर्षाची मुलं, आणि त्यातला अॅनी होस्टेलच्या खोलीत कोंबड्या पाळतो. रेल्वेच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना फळझाडं लावायची त्याची योजना असते आणि ती तो सगळ्यांना मनापासून ऐकवत फिरतो. पटकथा अरुंधती रॉय यांची, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली. त्या स्वतः त्यात आहेत, आणि अगदी छोट्या भूमिकेत कोवळा शाहरुख खान आहे. गंमत बघा, हा आणि 'मॅसी साहब', दोन्हींचे दिग्दर्शक एकच, प्रदीप क्रिशन. 'मॅसी'तली सायला म्हणजे अरुंधती रॉयच, आणि त्यातला इंग्रज साहेब म्हणजे बॅरी जॉन, जे दिल्लीत शाहरुखचे नाटकातले गुरू. तुमच्या वडिलांनी दोन वेगवेगळ्या रात्री, नाव माहीत नसताना, एकाच माणसाचे दोन सिनेमे साठवून ठेवले. याला मी नजर म्हणतो.

रात्रपाळीदादांसाठी एक गोष्ट. ज्यानं पडद्यावर त्या जंगलातून रस्ता काढला, त्याच प्रदीप क्रिशन यांनी पुढे मध्य भारतातल्या रानझाडांवर मोठं पुस्तक केलं. साल, सालई, कुसुम, तेंदू, एकेक पान, एकेक साल. सिनेमा पाहून मग ते पुस्तक चाळा, रस्त्यासाठी झाड कोसळतं तो प्रसंग निराळाच दिसायला लागतो.

"अॅनी" दूरदर्शनवर रात्री उशिरा लागला आणि पुढची कितीतरी वर्षं लोकांनी तो एकमेकांच्या घरगुती कॅसेटीवरून उतरवून पाहिला. म्हणून त्या कॅसेटीला जपा.

आता "एलकुंचवार". इथे दोन शक्यता आहेत. महेश एलकुंचवारांच्या नाटकांवरून १९८४ साली दोन सिनेमे झाले. केतन मेहतांचा 'होली' आणि गोविंद निहलानींचा 'पार्टी'. कॅसेट लावल्यावर कॉलेजची पोरं, होस्टेल आणि लांबच लांब न तुटणारे शॉट दिसले तर 'होली'. त्यात आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर एकाच वर्गात आहेत. बंगल्यात जमलेले लेखक-नट आणि यजमानीण विजया मेहता दिसल्या तर 'पार्टी'. 'पार्टी'ची पहिली पाऊण तास बैठक जड जाते, हे मान्य. सगळे बोलतात आणि कुणाचंच पटत नाही. पण जो पार्टीला आलेलाच नाही त्या अमृतची चर्चा सुरू झाली की खोलीतली हवा बदलते. रोहिणी हट्टंगडींनी त्यातली दारूत बुडालेली बायको जी उभी केली आहे, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी हा सिनेमा चार वेळा पाहिला आणि चारही वेळा त्यांच्याकडेच बघत राहिलो.

मला मात्र सर्वांत हेवा वाटतो तो ओडिया कॅसेटीचा. रविवारी दुपारी मूकबधिरांच्या बातम्या संपल्या की प्रादेशिक सिनेमा लागायचा, आठवतं? जेवणं झालेली, अर्धं घर आडवं. "भरलं घर रिकामं होते" हा बहुधा नीरद महापात्र यांचा 'माया मृग', १९८४. त्यांनी आयुष्यात एकच कथापट केला, तो हा. निवृत्त शिक्षक, मुलं, सुना, जुनं घर, आणि एकेक जण बाहेर पडत जातो. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' नाटकात जे धरणगावकर देशपांड्यांचं होतं तेच इथे समुद्रकाठच्या पुरीत, फक्त फार हलक्या आवाजात. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्याची प्रत पुन्हा घडवली आणि २०२४ मध्ये ती इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली. जगात लोक तो आत्ता शोधून बघतायत आणि तुमच्या पेटीत तो तेव्हापासून पडून आहे.

बाकीचे सोपे. बारा जण एका खोलीत म्हणजे बासू चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला', त्यातला पंकज कपूर शेवटी फुटतो ते बघाच. चाळ आणि कोर्ट म्हणजे सईद मिर्झांचा 'मोहन जोशी हाजिर हो', म्हाताऱ्याच्या भूमिकेत भीष्म साहनी आणि सोबत दीना पाठक. बर्फाचा सुरा म्हणजे 'पुष्पक', १९८७, कमल हासन. अख्ख्या सिनेमात एक संवाद नाही.

"ती पायरीवर बसते" यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. नाही सांगता येत.

फीतवाला

मी पंधरा वर्षं लग्नांचं व्हिडीओ शूटिंग केलं, आता जुन्या कॅसेटी उतरवून देतो. ताई, तुमचा दुसरा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे, म्हणून नीट वाचा.

पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. आपल्या उन्हानं ती येत नाही, पावसाळ्यातल्या दमटपणानं येते. माळ्यावर चार महिने कोंदट हवा, मग आठ महिने भट्टी. बुरशीची कॅसेट चालू व्हीसीआरमध्ये टाकू नका. फीत वाचणाऱ्या हेडला बुरशी लागते, आणि तीच पुढच्या चांगल्या कॅसेटीला जाते. तुमची फीत चुरगळली ती बहुतेक अशाच घाण मशीनमध्ये.

आज संध्याकाळीच दोन ढीग करा, स्वच्छ वेगळ्या आणि भुकटीच्या वेगळ्या. भुकटीच्या कॅसेटी प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. उन्हात वाळवायच्या नाहीत, फीत वाकते. सगळ्यांची मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची टिकली मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी लाल कळ दाबली तरी वरून काही भरलं जाणार नाही. कॅसेटीला खाली पाच स्क्रू असतात. ते उघडून दोन्ही चकत्या दुसऱ्या स्वच्छ खोक्यात बसवता येतात, पण पहिल्यांदा हे एखाद्या रिकाम्या कॅसेटीवर शिका. भुकटी पुसताना नाकाला मास्क, दारं उघडी, आणि सुती धागे न सुटणारं कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरासं ओलं करून. फुंकर अजिबात मारू नका.

स्वच्छ कॅसेटही लावल्या लावल्या प्ले करू नका. इतक्या वर्षांत फीत एकमेकीला चिकटलेली असते. आधी पूर्ण पुढे पळवा, मग पूर्ण मागे. प्रत उतरवताना ७२० बाय ५७६ मध्ये उतरवा, मशीनला एस-व्हिडीओची जोडणी असेल तर तीच वापरा. कडेला झिगझॅग रेघा आल्या तर ट्रॅकिंगची कळ हळूहळू फिरवत राहा, एक जागा सापडते. व्हीसीआर नवीन मिळणार नाही, शेवटच्या कंपनीनं २०१६ सालीच बनवणं बंद केलं. जुना घ्याल तर आधी त्यात एक फालतू कॅसेट चालवून बघा, मगच बाबांची टाका.

रंगायन यांना एक सांगायचं आहे. सिनेमा म्हणून बघायचा तर चांगली प्रत शोधावी. एनएफडीसीनं, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळानं, आपले बरेच सिनेमे सुधारून 'सिनेमाज ऑफ इंडिया' नावानं डीव्हीडीवर काढले होते. पण ताईंच्या कॅसेटीत सिनेमाच्या आगेमागे जे आहे, निवेदिका, मधल्या जाहिराती, 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी, ते कुठल्याच सुधारलेल्या प्रतीत नाही. म्हणून उतरवताना काटछाट करू नका, पहिल्या सेकंदापासून पडद्यावरच्या शेवटच्या मुंग्यांपर्यंत सगळं ठेवा. आणि हे घरात बघायला ठीक. सोसायटीच्या हॉलमध्ये लोक बोलावून लावणार असाल तर ज्याचा सिनेमा आहे त्याची परवानगी लागते.

मी मानेवाड्याला राहतो. मशीन घेऊन तुमच्या घरी येतो. पेटी घराबाहेर काढायची गरज नाही.

वैदेही, खामला

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. फीतवाले दादा काल आले होते, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. जेवायलासुद्धा नीट थांबले नाहीत. एकतीसपैकी एकोणीस स्वच्छ निघाल्या. "एलकुंचवार" म्हणजे 'पार्टी'च. ओडिया कॅसेट 'माया मृग'च आहे असं बाबांनी गोष्ट ऐकून सांगितलं, पण ती बुरशीच्या ढिगात आहे, तिला वेळ लागेल.

रात्रपाळी काका, बाबा नागद्वारला सलग अकरा वर्षं गेले. 'मॅसी साहब' आधी लावायचा असं मी ठरवलं होतं. पण दादांनी तपासायला म्हणून जी पहिली कॅसेट टाकली ती 'पुष्पक' निघाली, आणि बाबांनी संगीतावरून ओळखली. म्हणाले, हीच राहू दे.

मला घाबरायला झालं. ज्या सिनेमात कुणी बोलत नाही तो यांना दाखवायचा कसा? मग मी बाजूला बसून सांगायला लागले. आता तो गच्चीवर आला. आता हॉटेलसमोर उभा राहून वर बघतोय. सुरुवातीला माझं सांगणं मागे पडत होतं, पडद्यावर दुसरंच चालू असायचं. पंधरा-वीस मिनिटांनी उलटं झालं. बाबा पुढचं सांगायला लागले आणि मी फक्त "हो" म्हणत होते. "आता खोका उचलेल. आता ती मुलगी समोरच्या खिडकीत येईल, बघ, आली का?" आली होती. मधे एका ठिकाणी चित्र पूर्ण फाटलं, दादा ट्रॅकिंग फिरवत होते, टीव्हीवर नुसत्या मुंग्या, आणि बाबांचं सांगणं चालूच. चित्र परत आलं तेव्हा प्रसंग बाबांच्या बोलण्याशी जुळत होता. दादांनी मशीनवरचा हात काढला आणि ते खाली जमिनीवर बसून ऐकायला लागले.

मारेकरी बर्फाचा सुरा काढतो तिथे मी गप्प झाले, कारण मलाच पुढे काय होणार ते बघायचं होतं. बाबांनी माझ्या मनगटाला हात लावला. "विरघळला का गं?"

पुढच्या रविवारी 'मॅसी साहब'. रात्रपाळी काका, तुम्ही अजनीहून या, बाबांना यात्रेतलं कुणीतरी सोबत बसलेलं हवं आहे. दुपारचं जेवण आमच्याकडेच.

आणि पायरीवर बसणारी ती अजून सापडलेली नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, काळा-पांढरा नव्हता, पायरी दगडी होती, आणि तिच्या हातात पितळेचा डबा होता. कुणाला काही सुचतंय का? कॅसेट बुरशीची आहे, दादांना ती उघडायला अजून महिना तरी लागेल.

रंगायन_धरमपेठ

पितळेचा डबा? भाषा कोणती होती ते विचारा.

वैदेही, खामला

विचारलं. म्हणाले, ती बोललीच नाही, भाषा कशी कळणार.